भुयारी मार्गातले नवे दिवे : चार महिने रोज चालून, मोजून

आधी निकाल सांगते. दिवे चांगले आहेत, आतलं काम मन लावून केलेलं आहे, आणि तरी मी पाचपैकी साडेतीनच देते. दीड गुण गेला तो दोन्ही तोंडांपाशी आणि वीज गेल्यावर.

मी गेली बावीस वर्षं माणसांचे फोटो काढते. रात्री साडेनऊला स्टुडिओ बंद करते आणि रुंद रस्त्याखालच्या या भुयारी मार्गातून पलीकडे जाते. सकाळी अकराच्या सुमारास तोच रस्ता उलटा. माझ्या चालीने आतली लांबी ११० पावलं. एका बाजूला २४ पायऱ्या, दुसऱ्या बाजूला उतार, आणि मध्ये एक वळण. त्या वळणामुळे या टोकाला उभं राहिलं की ते टोक दिसत नाही. पिशवीत माझा प्रकाशमापक असतोच. तो कॅमेऱ्याचं एक्स्पोजर सांगतो तसे लक्सही दाखवतो आणि त्याचा पांढरा घुमट आत दाबला की सपाट पृष्ठभागावर किती उजेड पडतोय ते मोजता येतं. दिवे बदलणार असं कळलं तेव्हा मी आधीचे आकडे वहीत लिहून ठेवले, म्हणून आज तुलना करता येते.

लक्स म्हणजे काय ते एका वाक्यात सांगते, कारण पुढे हा शब्द सारखा येईल. एक चौरस मीटरवर एक लुमेन (दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप) उजेड पडला की तो एक लक्स. भर दुपारच्या थेट उन्हात हा आकडा एक लाखाच्या आसपास जातो. स्वच्छ आकाशातल्या पौर्णिमेच्या चांदण्यात तो पाव लक्सच्या वर सहसा जात नाही. आपला डोळा या दोन्ही टोकांना काम करतो, पण एका टोकाकडून दुसऱ्याकडे जायला त्याला वेळ लागतो. भुयारी मार्गाची सगळी अडचण या वेळेत आहे.

जुने दिवे सोडियमचे, पिवळे, छताच्या मधोमध जाळीच्या पिंजऱ्यात बसवलेले. एकूण ९, त्यातले ४ चालू. चालू दिव्याच्या बरोबर खाली जमिनीवर ३४ लक्स मिळायचे, आणि जिथे सलग दोन दिवे बंद होते तिथे दीड. कुणी म्हणेल, दीड म्हणजे चांदण्याच्या सहापट, चालायला पुरे. पण डोळा सरासरी काढत बसत नाही. तो समोरच्या सर्वात उजळ जागेशी जुळवून घेतो आणि मग अंधारा पट्टा आहे त्याहून काळा दिसतो. त्या दोन बंद दिव्यांमध्ये शिरताना मी प्रत्येक वेळी श्वास धरायचे, आणि पलीकडे पोचल्यावर कळायचं की आपण श्वास धरला होता.

मुख्य गोष्ट मात्र चेहऱ्याची. मापक जमिनीवर न ठेवता उभा धरला, माझ्या तोंडाच्या उंचीवर आणि चालायच्या दिशेकडे वळवून, तर जुन्या दिव्यांत सर्वात वाईट जागी आकडा यायचा ०.६. म्हणजे समोरून माणूस यायचा तो फक्त आकृती म्हणून. उंची कळे, चाल कळे, हातात काही आहे हे कळे. पण तो रोजचा माणूस आहे की अनोळखी, तो माझ्याकडे बघतोय की मोबाइलकडे, हे कळायचं नाही. छताच्या मधोमध दिवा असला की तो डोक्यावर पडतो. कपाळ आणि नाकाचं टोक उजळतं आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या राहतात. स्टुडिओत असा प्रकाश मी माणसाला मुद्दाम भीतिदायक दाखवायचं असेल तरच वापरते. इथे प्रत्येक माणूस रोज तसाच दिसत होता, आणि मीही समोरच्याला तशीच दिसत असणार.

हे माझं एकटीचं वेड नाही. पादचारी मार्गांच्या उजेडाचे नियम प्रामुख्याने जमिनीवरच्या उजेडावर लिहिलेले असतात. युरोपच्या ईएन १३२०१ या मानकात पादचाऱ्यांसाठी सहा मुख्य वर्ग आहेत, सरासरी १५ लक्सपासून खाली २ लक्सपर्यंत, आणि प्रत्येकासोबत किमान किती हवा तेही दिलेलं आहे. हे सगळं जमिनीवरचं. पण त्याच मानकात उभ्या पृष्ठभागावरच्या आणि अर्धदंडगोलाकार पृष्ठभागावरच्या उजेडाचे वेगळे वर्गही आहेत, आणि ते चेहऱ्यासाठीच आहेत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या प्रकाशतज्ज्ञांनी लोकांना समोरासमोर चालायला लावून शोधलं होतं की ४ मीटरवरून चेहरा ओळखायला किती उजेड लागतो. त्यांचा किमान आकडा ०.८ लक्स होता. चार मीटर म्हणजे वाट बदलायला, थांबायला किंवा मागे वळायला उरलेलं शेवटचं अंतर. तेही उघड्या रस्त्यावर, जिथे बाजूला सरकायला जागा असते. भुयारात दोन्हीकडे भिंती. तिथे माणूस चार मीटरवर दिसून भागत नाही, दहा-पंधरा मीटरवर दिसायला हवा.

नव्या कामात नेमकं हे ध्यानात घेतलंय, आणि त्याबद्दल ज्यांनी आराखडा केला त्यांचे मी मनापासून आभार मानते. छतातले दिवे काढले. भिंत आणि छत मिळतात त्या कोपऱ्यात, दोन्ही बाजूंना, १४-१४ एलईडी पट्ट्या तिरप्या बसवल्या. उजेड समोरच्या भिंतीवर, तिथून चेहऱ्यावर आणि मग जमिनीवर असा पसरतो. दोन्ही बाजूंनी येत असल्यामुळे नाकाची सावली गालावर लांबत नाही. मी मोजलं : जमिनीवर सरासरी ८५, सर्वात कमी ५२. चेहऱ्याच्या उंचीवर सर्वात कमी २४, आणि तेही वळणापाशी. म्हणजे ०.६ वरून २४. पहिल्या रात्री समोरून येणाऱ्या बाईंनी मला लांबूनच ओळखून हात केला. आम्ही दोघी तीन-चार वर्षं एकाच वेळी त्या मार्गाने जात होतो आणि एकमेकींचा चेहरा पहिल्यांदा पाहत होतो.

भिंतींच्या रंगालाही याचं निम्मं श्रेय आहे. पूर्वी उघडं काँक्रीट होतं, वर्षांच्या धुरळ्याने काळवंडलेलं. तसं काँक्रीट अंगावर पडलेल्या उजेडाचा जेमतेम पाव भाग परत देतं. आता बिनचमकीचा पांढरट रंग आहे, असा रंग तीन चतुर्थांशाच्या आसपास परत देतो. तेवढ्याच विजेत उजेड वाढतो तो असा. शिवाय पांढऱ्या भिंतीपुढे माणूस स्पष्ट उठून दिसतो, भिंतीला टेकून उभा असला तरी. रंग बिनचमकीचा निवडला हे फार बरं झालं. गुळगुळीत टाइल असती तर तिच्यात प्रत्येक दिव्याची दुसरी प्रतिमा डोळ्यांत घुसली असती.

रंगांबद्दलही सांगायला हवं. सोडियमच्या दिव्यात रंग जवळजवळ मरतात. कमी दाबाचा सोडियम दिवा तर ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा एकच पिवळा देतो, त्यात लाल आणि तपकिरी यांत फरकच उरत नाही. आमच्याकडे होते ते जास्त दाबाचे, थोडे बरे, तरी रंग दाखवण्यात शंभरपैकी पंचवीसच्या आसपासचे. मी बदलाच्या आधी आणि नंतर माझा गडद लाल स्कार्फ आणि तपकिरी पिशवी शेजारी धरून पाहिली. आधी दोन्ही एकाच मातकट छटेच्या. आता लाल तो लाल. एखाद्याने पिशवी हिसकावली आणि पोलिसांनी विचारलं, शर्ट कुठल्या रंगाचा होता, तर उत्तर देता आलं पाहिजे. नव्या पट्ट्यांवर ४००० केल्विन लिहिलंय, म्हणजे ना फार पिवळा ना फार निळा असा पांढरा उजेड. स्टुडिओत मला याहून उबदार उजेड आवडतो, पण इथे हा ठीक आहे. फार निळसर केला असता तर चेहरे आजारी दिसले असते.

वळणाबद्दल माझी तक्रार होती आणि ती सोडवली गेली. सुरुवातीला वळणाच्या पलीकडच्या पट्ट्या अलीकडच्यापेक्षा जास्त तेज होत्या. त्यामुळे वळणावरून येणारा माणूस पाठीमागून उजळलेला, म्हणजे पुढून काळा. फोटोत याला आम्ही बॅकलाइट म्हणतो. आकृती सुंदर येते, ओळख पटत नाही. मी मापक घेऊन उभी होते तेव्हा काम करणारे वायरमन दादा शिडीवरच होते. त्यांना म्हटलं, दादा, खाली उतरा आणि तिकडून माझ्याकडे चालत या. ते आले, मी आकडा दाखवला, मग मी त्यांच्या दिशेने चालत गेले. ते म्हणाले, "ताई, खरंच की, तुमचं तोंडच दिसत नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी अलीकडच्या दोन पट्ट्या वळणाच्या दिशेला थोड्या फिरवल्या आणि कोपऱ्यात एक बहिर्वक्र आरसा लावला. एवढ्याने वळणावरचा आकडा ९ वरून २४ वर गेला. नवीन दिवा एकही लागला नाही, फक्त कोन बदलला.

आता दुपार. लोकांना वाटतं भुयाराला दिवे रात्रीसाठी हवेत. माझ्या मते सर्वात घातक वेळ दुपारी बाराची. बाहेर एक लाख लक्स, आत पाच-दहा. डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशींना अंधाराची सवय व्हायला दहा मिनिटांच्या आसपास लागतात आणि अंधुक उजेडात काम करणाऱ्या पेशींना अर्धा तास. आपण मात्र पायऱ्या उतरून पंधरा सेकंदांत आत असतो. नवे दिवे पहिल्या महिन्यात रस्त्याच्या दिव्यांच्याच फोटोसेलला जोडलेले होते. म्हणजे सूर्य उगवला की हे बंद. रात्री लखलखीत आणि दुपारी काळोख! रोज काठी टेकत येणारे एक आजोबा शेवटच्या पायरीवर कठड्याला धरून थांबायचे. मला वाटलं दम लागलाय. विचारलं तर म्हणाले, "डोळे बसू देतोय, मग निघतो." साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, बाहुली आकसलेली असते आणि भिंग पिवळसर झालेलं. आजोबा तर सत्तरीच्या पुढचे. त्यांच्या मागून येणारी माणसं त्यांना धक्के देत जात होती, आणि आतून बाहेर येणाऱ्यांना ते तिथे आहेत हे लख्ख दिसत असताना त्यांना मात्र बाहेर येणारे दिसत नव्हते.

मी लेखी तक्रार केली. वाहनांच्या बोगद्यात तोंडाकडचा भाग दिवसा आतल्या भागापेक्षा कितीतरी जास्त उजळ ठेवतात, कारण चालकाचा डोळा उन्हातून येतो. हाच न्याय पायी चालणाऱ्याला लावा, असं लिहिलं. तीन आठवड्यांनी फोटोसेल काढून टायमर बसवला. आता दिवसा सगळे दिवे पूर्ण तेजाने आणि रात्री थोडे मंद. हे उलटं वाटतं, पण बरोबर हेच आहे. दोन्ही तोंडांपाशी दिवसासाठी आणखी चार-चार पट्ट्या हव्यात, त्या आलेल्या नाहीत. आजोबा अजून थांबतात, पण पूर्वीइतके नाही.

मंद करण्यावरून आठवलं. रात्री अकरानंतर माणूस नसेल तर दिवे खाली जातात आणि चाहूल लागली की वर येतात. सुरुवातीला ते एक दशांशावर जायचे. वीज वाचते हे कबूल, पण चालणारा माणूस आत जायचं की नाही हे बाहेर उभा राहून ठरवतो. पायऱ्यांच्या डोक्यावरून खाली पाहिलं आणि काळोख दिसला तर तो वरच्या रस्त्यावरून, गाड्यांच्या मधून पळत ओलांडतो. सेन्सरला त्याची चाहूल लागतच नाही, कारण तो आलेलाच नसतो. मी स्वतः दोन रात्री तशी वरून गेले आहे, आणि ते धोकादायक होतं. आता किमान अर्ध्या तेजावर ठेवलंय आणि पायऱ्यांच्या डोक्याशीच एक सेन्सर आहे. त्याचा एक फायदा मला अनपेक्षित होता : पलीकडच्या टोकाचे दिवे अचानक वाढले की कळतं, तिकडून कुणीतरी येतंय. वळणामुळे जे दिसत नव्हतं ते आता उजेड सांगतो.

उजेडाने गुन्हे कमी होतात का, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. एक नीट केलेला प्रयोग मला माहीत आहे. २०१६ साली न्यूयॉर्कमध्ये सरकारी घरवसाहतींपैकी काही वसाहती चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडल्या, त्यांच्या आवारात सहा महिने दिव्यांचे मनोरे उभे केले आणि बाकीच्यांशी तुलना केली. रात्री घराबाहेर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी कमी झाल्याचं अभ्यासकांनी मांडलं. ते उघड्या आवारातलं होतं, भुयारातलं नव्हे, म्हणून तो आकडा मी इथे जसाच्या तसा लावणार नाही. मी एवढंच सांगू शकते की पूर्वी रात्री साडेनऊला या मार्गात मला बायका एकेकट्या दिसत नव्हत्या, सोबत कुणी येईपर्यंत त्या पायऱ्यांच्या डोक्यावर घुटमळायच्या. आता थेट उतरतात. त्यांची पावलंही बदलली आहेत. पूर्वी सगळे जण भराभर, खाली मान घालून चालायचे. आता मान वर असते.

इथवर कौतुक. आता जिथे दीड गुण गेला ते.

पहिलं, वीज. दुसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी मी बरोबर वळणावर असताना सगळे २८ दिवे एकदम गेले. इतका अंधार मी डार्करूमखेरीज कुठे पाहिला नव्हता. माझ्या पुढे दोन शाळकरी मुली होत्या, मागे कुणीतरी मूल घेऊन. कुणी ओरडलं नाही, पण सगळे जागच्या जागी थिजले. मी मोबाइलचा टॉर्च लावला आणि मोठ्याने म्हटलं, उजवीकडच्या भिंतीला हात लावून चला, मी पुढे आहे. बाहेर आलो तेव्हा रस्त्याचे दिवे चालूच होते! म्हणजे वीज गेली नव्हती, आतला एमसीबी (बिघाड झाला की वीज आपोआप तोडणारा स्विच) पडला होता, आणि सगळे दिवे एकाच सर्किटवर. पाऊस एका जोडावर झिरपला होता. पट्ट्या स्वतः आयपी ६५ च्या आहेत, म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा सोसतात; पण दोन पट्ट्यांमधला जोड साध्या डबीत होता. दिव्याचा दर्जा कितीही वरचा असो, पाणी सगळ्यात कच्च्या जागेतून शिरतं.

ही चूक आराखड्यातच टळायला हवी होती. एक सोडून एक दिवा वेगळ्या सर्किटवर घेतला असता तर निम्मे दिवे राहिले असते. आणि काही पट्ट्यांत बॅटरी हवीच. आता सहा पट्ट्यांना बॅटरी लावली आहे. मी चाचणीच्या वेळी हजर होते. अंधारात जमिनीवर ३ ते ५ लक्स मिळतात, बाहेर पडायला पुरेसे. सर्किट मात्र अजून एकच आहे. हे मला मान्य नाही आणि मी हे सोडणार नाही.

दुसरं, तोंडं. आत ८५ लक्स आणि उताराच्या बाहेर पडल्यावर ३. आतल्या उजेडाला सरावलेला डोळा घेऊन माणूस बाहेर येतो आणि पहिली दहा पावलं त्याला काही दिसत नाही; उलट बाहेर अंधारात उभा असलेल्याला तो नखशिखांत दिसतो. जी भीती पूर्वी भुयाराच्या मध्यावर होती ती आता उताराच्या डोक्यावर येऊन बसली आहे. आतला उजेड जितका वाढवाल तितकं बाहेरच्या पंचवीस-तीस मीटरचं काम वाढतं, उतरतं सोडत न्यावं लागतं : ८५, मग ५०, मग २०, मग रस्त्याचा जो असेल तो.

यावर उपाय म्हणून मध्यंतरी उताराच्या डोक्यावर एक मोठा फ्लडलाइट लावला गेला, चढून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांवर. मापक आनंदाने मोठा आकडा दाखवत होता आणि मला समोरचं काहीच दिसत नव्हतं. अशा वेळी एक साधी खूण आहे, मापकाची गरज नाही : तळहाताने तो दिवा झाका. झाकल्यावर आधीपेक्षा जास्त दिसू लागलं तर तो दिवा तुम्हाला आंधळं करत होता. मी वायरमन दादांना हेच करायला सांगितलं. त्यांनी हात वर धरला, खाली घेतला, पुन्हा धरला आणि काही न बोलता शिडी आणायला गेले. फ्लडलाइट आता खाली झुकवलाय. बरा आहे, चांगला नाही.

पायऱ्यांवर मात्र फारसं सांगण्यासारखं नाही. प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी आहे, उजेड वरून आणि किंचित पुढून येतो, त्यामुळे कड आणि पाऊल ठेवायची जागा वेगळी दिसते. छान.

लुकलुकण्याची एक बारीक गोष्ट. ५० हर्ट्झच्या विजेवर स्वस्त ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा भाग) असला की दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्याला ते सरळ दिसत नाही, पण काहींचं डोकं दुखतं. दिव्याखाली पेन झपकन हलवा. एका पेनाची तुटक-तुटक अनेक पेनं दिसली तर दिवा लुकलुकतोय. मोबाइलचा कॅमेरा रोखला तर पडद्यावर काळे पट्टे सरकतात. इथे २८ पैकी दोनच तसे निघाले, क्रमांक ११ आणि २२. दोन्ही बदलले. सीसीटीव्हीच्या चित्रावरही असे पट्टे येतात, त्यामुळे ज्यांना डोकेदुखीचं कौतुक नाही त्यांनीही हे तपासावं.

शेवटी देखभाल, आणि माझ्या मते या कामातली सर्वात शहाणपणाची गोष्ट इथे आहे. प्रत्येक पट्टीखाली भिंतीवर ठळक क्रमांक रंगवलाय आणि तक्रारीचा फोन नंबर दोन्ही तोंडांना. पूर्वी "आत मध्ये कुठेतरी दिवा गेलाय" असं सांगावं लागायचं आणि पलीकडून "बघतो" येऊन विषय संपायचा. आता मी सांगते, १७ बंद. पहिल्यांदा ९ दिवस लागले, दुसऱ्यांदा २. पट्ट्यांची कवचं आयके १० ची आहेत, म्हणजे २० जूलचा ठोसा सोसणारी, आणि आत्तापर्यंत एकही फुटलेलं नाही, जुन्या पिंजऱ्यांवर तर महिन्याला एक दगड बसायचा. धुरळ्याचं काय, हे पाहायला मी चौथ्या महिन्यात क्रमांक ५ चं कवच ओल्या फडक्याने पुसून घेतलं. पुसण्याआधी समोरच्या भिंतीवर २८ लक्स, पुसल्यावर ३७. चार महिन्यांच्या धुळीने एवढा उजेड खाल्ला होता. वर्षातून तीनदा पुसण्याचं वेळापत्रक करा असं कळवलंय, उत्तर यायचं आहे.

उताराच्या बाहेर दोन छोटे खांब उभे करायला मंजुरी मिळाली आहे आणि गेल्या शनिवारी खड्डे खणलेत. त्यांच्याभोवती लाल-पांढरी फीत आहे, पण त्या फितीवर रात्री २ लक्ससुद्धा पडत नाहीत, आणि उतार चढून आलेल्याला ती लागल्यावरच कळते. तेवढं आज सकाळी फोनवर सांगितलंय. खांब लागले की पुन्हा मोजेन आणि साडेतीनचा आकडा बदलायचा असेल तर बदलेन.